शेवाळातल्या किड्याचं नाव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, तुझ्या त्या शेवाळातल्या किड्यावरचा लेख छापून आला?”

“आला. नवी जात म्हणून नोंद झाली.”

“तुझं नाव आहे ना?”

“सर म्हणाले, किड्यालाच तुझं नाव देऊ. पण आपणच आपलं नाव दिलं असं दिसायला नको, तेव्हा लेखकांत तू नको. मी मुकाट बाजूला झाले.”

“मग दिलं?”

“संचालकांच्या बायकोचं दिलं.”

“अगं, दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्याची चित्रं तू काढलीस.”

“पायावरचा केसन् केस.”

“सरांना विचारलंस का?”

“सकाळी त्यांचाच फोन आला. त्याच शेवाळात आणखी एक जात सापडलीय.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, चष्म्याचा नंबर काढून येते.”