झिजलेली शेपटी

— टेबलावर नको हं तो खोका, आत्ताच पुसलंय मी.

— अगं, खोका स्वच्छ आहे. आत सुतार पक्षी आहे, तो काही सांडणार नाही तुझ्या टेबलावर.

— संग्रहालयातला पक्षी घरी घेऊन आलात? दालनाचं उद्घाटन आज संध्याकाळी आहे ना?

— म्हणून तर आणला. खोडावर बसवला की मागे झुकतो. पायाच्या तारा आवळून झाल्या, डिंक लावून झाला, पठ्ठ्या ऐकत नाही. म्हटलं, जिनं उभा जन्म तिथल्या पक्ष्यांना पिसं बसवली तिलाच दाखवावा.

— ती आता निवृत्त झाली.

— कुणी सांगितलं? आजारपणाच्या रजेवर आहे ती. खुब्याचं हाड कधीच जुळलं, डॉक्टर म्हणतात हिंडाफिरा, आणि बाईसाहेब घराचा उंबरा ओलांडत नाहीत.

— सुरू झालं तुमचं. चष्मा कुठे ठेवला मी? फ्रिजवर असेल. तुम्ही बसा, मी घेते.

— भिंत धरून?

— भिंत आपलीच आहे.

— आपलीच आहे. कपाटापासून दारापर्यंत तुझ्या तळव्याचा मळकट पट्टा उमटलाय तिच्यावर. मी पडलो रंगारी, रोज डोळ्यांत खुपतो. तरी हात लावलेला नाही त्याला.

— काढा बाहेर त्या बिचाऱ्याला. बघू.

— हळू. खोडासकट आणलाय.

— अहो, हे काय करून ठेवलंत?

— काय झालं?

— शेपटी हवेत आहे याची! चिमणी तारेवर बसते तसा बसवलाय. सुतार पक्षी शेपटी खोडाला टेकून उभा राहतो. दोन पाय आणि तिसरी शेपटी, तेव्हा कुठे त्याला चोचीनं ठोकता येतं. नुसत्या पायांवर सोडलात तर तो पडेल नाही तर काय करेल?

— खरंच की. समोर होतं आणि दिसलं नाही.

— आणि ही पिसं कुठली?

— नव्या पेटीतली. छान चमकत होती.

— चमक काय करायचीय याला? रोज खरखरीत सालीवर घासणारी शेपटी ही. टोकं झिजलेली हवीत, थोडी फाटलेली. हा तर आत्ताच दुकानातून आणल्यासारखा दिसतोय. थांबा. थांबा जरा.

— आता काय?

— तुम्ही हे मुद्दाम केलंत.

— मुद्दाम?

— माझ्याच तोंडून वदवून घ्यायला. आता म्हणाल, बघ, एवढासा पक्षी टेकू घेतो आणि तुला काठी घ्यायला काय होतं. मी काय आज ओळखते तुम्हाला?

— तुझी शपथ, नाही. एवढी अक्कल असती तर आजवर एखाद्या भांडणात तरी जिंकलो असतो.

— मग ही चूक खरोखर तुमच्या हातून झाली?

— झाली. देवमाशाचीही झाली.

— देवमाशाचं काय केलंत?

— शेपूट उभं जोडलं. माशाला असतं तसं.

— अहो! देवमासा शेपूट वर-खाली मारतो. त्याला श्वास घ्यायला वर यायचं असतं. डावीकडे-उजवीकडे हलवतात ते मासे. हे कोणतंही शेंबडं पोर सांगेल.

— रंग वाळल्यावर माझं मलाच दिसलं. पुन्हा सोडवलं, आडवं जोडलं. आता ठीक आहे.

— तुम्ही अशा चुका करणारे नव्हेत.

— करणाराच आहे. पहिल्यापासून करतोय. तू माझ्या मागून पिसांची टोपली घेऊन जायचीस आणि जाता जाता म्हणायचीस, अहो, शेपूट बघा. मी वैतागून म्हणायचो, बघतोय गं. आणि मग बघायचो. आता मागून कुणी जात नाही. हात चालतात, पण मन लागत नाही तिथे. तुझ्याशिवाय मला करमत नाही, झालं?

— चहा टाकू का?

— विषय बदलू नकोस. काठीची गोष्ट निघाली की समुद्रातल्या शेवंडीसारखी शेपूट झटकतेस आणि मागच्या मागे पसार होतेस.

— आणि तुम्ही धोबी पक्षी. दिवसभर शेपूट हलवत हिंडता, कशासाठी ते कुणालाच धड कळलेलं नाही.

— हसलीस ना? चल, मग संध्याकाळी. सगळं दालन शेपट्यांचं आहे. कल्पना कुणाची होती?

— माझी होती. म्हणून काय झालं?

— म्हणून तू तिथे नसशील तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

— अहो, तिथल्या लोकांनी मला शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून घारीची शेपटी पसरताना पाहिलंय. त्यांच्यासमोर काठी टेकत जाऊ? त्या गुळगुळीत फरशीवर टकटक, टकटक. सगळे वळून बघणार. मला लाज वाटते. ती टकटक नुसती मनात आली तरी वाटतं, संपलं आपलं.

— सुतार पक्ष्याच्या दालनात टकटक कुणाला नवीन वाटणार आहे?

— तुम्हाला चेष्टा सुचतेय.

— रडू येण्यापेक्षा बरी.



— मोराचं काय केलंत?

— उभा आहे पिसारा फुलवून, दारातच.

— पिसाऱ्यामागे खरी शेपटी लावलीत ना? की ती विसरलात?

— लावली. तूच करून ठेवलेली, आखूड, तपकिरी.

— लोक पिसाऱ्यालाच शेपटी समजतात. पिसारा म्हणजे पाठीची पिसं. शेपटी बिचारी मागे उभी राहून एवढा डोलारा तोलून धरते, तिच्याकडे कोण बघतंय?

— मी बघतो. लग्न झाल्यापासून तेच करतोय.

— पुरे. बारीक पक्कड द्या इकडे. आणि माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, पाकिटात जुनी पिसं असतील.

— बटणांच्या खाली पिसं? अगं, तू तर म्हणालीस निवृत्त झालीस.

— जपून ठेवली होती. टाकवेनात. हं, हीच ती. बघा टोकं, कशी झिजलीयत. याला शोभतील.

— खोड धरू?

— घट्ट धरा. अजून घट्ट. पक्षी जरा खाली घेते. आता मधली दोन पिसं नीट बसली पाहिजेत, सगळा भार त्यांच्यावर असतो. तुम्हाला माहितीय ना, याची शेपटी झडते तेव्हा ही दोन पिसं सगळ्यात शेवटी जातात? बाजूची झडतात, नवी येतात, ती भक्कम होतात, मगच ही दोघं जागा सोडतात. म्हणजे एक दिवससुद्धा हा आधाराशिवाय राहत नाही.

— हं.

— नुसतं हं काय? एरवी तोंड मिटत नाही तुमचं.

— काही नाही. खोड धरलंय.

— बोला की. जे मनात आलंय तेच माझ्याही आलंय.

— मग मी कशाला बोलू?

— सोडा आता खोड.

— पडेल.

— सोडा म्हणते ना.

— उभा राहिला गं.

— राहणारच. समुद्रघोडे कसे ठेवलेत?

— दोन काचपेट्यांत. एक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडून छान दिसतात.

— अरे देवा. जोडी आहे ती. एकाच गवताच्या काडीला दोघांच्या शेपट्या गुंडाळा. फार पोहता येत नाही त्यांना, लाट आली की वाहून जातात, म्हणून धरून राहतात. तुम्ही त्यांची ताटातूट करून मोकळे.

— आता तिथे जाऊन मी ते कधी करू? चारपर्यंत दालन पुसून तयार हवंय. माझी बोटंही जाडी, शेपूट मोडायचं एखादं.

— तुम्ही हात लावू नका.

— मग कोण लावणार?

— कपाटामागे छत्री अडकवलीय ना, ती काढून ठेवा. आणि तिच्या खाली जे आहे ते इकडे द्या.

— काठी?

— नाव घेऊन सांगायलाच हवं का?

— ही घे. जरा धूळ बसलीय. आणि खालचं रबर बघ, अजून कोरं करकरीत आहे.

— मग रिक्षा नको. चालतच जाऊ, थोडं झिजेल तरी.