तिसरा फ्यूज

सकाळी अकराला इंदिरानगरच्या कार स्टिरिओच्या दुकानात एक गृहस्थ जळलेला फ्यूज घेऊन आले. बाकावर थांबलेल्या कल्पनाने कानडी मुलखात मराठी ऐकून मान वर केली.

"परशुरामअण्णा, आठवड्यातला हा तिसरा. जरा मोठा द्या."

"सबवूफर एकच बसवला होता मी."

"माझ्या पोरीने, शाल्मलीने, दुसरा जोडला. त्याच तारांवर."

"मग ओहम निम्मे झाले, सर, विजेला अडथळा निम्मा. अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही, तो दुप्पट करंट ओढतो. फ्यूज जाणारच."

"आता नाही जात. नवा मिळेपर्यंत फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलीय. घरच्या मेनमध्ये घालतो तशी."

"केवढी?"

"स्वल्प, थोडी जाडच."

परशुरामने हातातला पाना खाली ठेवला.

"आता तार नाही जळणार, सर. कार्पेटखालची वायर पेटेल. पेट्रोलच्या टाकीजवळून गेलीय ती. आवाज मोठा ठेवते का पोरगी?"

"व्हाइटफील्डपर्यंत ऐकू जाईल इतका."

"गाडी कुठंय?"

"तीच घेऊन गेलीय. होसकोट्याला, कारखान्यात. साडेनऊला निघाली, तासाभराचा रस्ता."

कल्पनाने उठून काउंटरवरचा फोन त्या गृहस्थांपुढे सरकवला. त्यांना नंबर दोनदा फिरवावा लागला.

"काय म्हणाले, सर?"

"गेटवरचा माणूस म्हणतो, पांढरी मारुती अजून आलेली नाही."