जुन्या कायद्यातला नवरदेव

२०१६च्या डिसेंबरात, जर्मनीतल्या एर्लांगेन शहराच्या बसमध्ये, मागच्या बाकावरून एका गृहस्थाचे आणि एका तरुणीचे मराठी बोलणे कानी पडले, तेव्हा पद्माकररावांनी वर्तमानपत्र मिटले; मात्र मान वळवण्याचा असभ्यपणा त्यांनी केला नाही.

“कौमुदी, खटला उभाच राहिला नाही. माझा भाऊ निर्दोष आहे.”

“निर्दोष की मोकळा, वासुदेवदादा?”

“तो तुझा होणारा नवरा म्हणून नव्हे, कायद्याचं सांगतो. बलात्कार ठरायला बळजबरी हवी, जिवाची धमकी हवी, नाहीतर बाई असहाय तरी हवी. तिन्ही तपासलं. एकही नाही.”

“म्हणजे रुपेश कुठल्याच इयत्तेत बसला नाही.”

“थट्टा नको. बाईनं नुसतं ‘नको’ म्हटलेलं पुरतं, हा कायदा या नोव्हेंबरातला. प्रकरण उन्हाळ्यातलं.”

“वा! मग उन्हाळ्यात ‘नको’चा अर्थ काय होता?”

“हे बघ, ते मला विचारू नकोस.”

“ती ‘नको’ म्हणाली होती?”

“म्हणाली. रुपेशनंच पोलिसांना सांगितलं. खोटं बोलत नाही तो.”

“केवढा सत्यवचनी! ऐकलं, समजलं, आणि तरीही?”

“अगं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. हॉल ठरला, आईचं विमानाचं तिकीट झालं. तिला काय सांगू?”

“कौमुदी नको म्हणाली, असं सांगा.”

“आणि रुपेशला?”

“तेच. फक्त त्याला सांगताना जरा जोर लावा, दादा. नुसतं सांगितलेलं त्याला पुरत नाही.”