शाळेच्या छपराचं तिकीट

शाळांचा खर्च भागवायला सरकारने लॉटरी काढली, तेव्हापासून खिडकीपुढची रांग हलायचं नाव घेत नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पुढे गणिताचे सर उभे होते, आणि त्यांचा जुना विद्यार्थी, आता गवंडी.

“सर, तुम्ही? अहो, लॉटरी लागण्यापेक्षा डोक्यावर वीज पडणं सोपं, हे तुम्हीच फळ्यावर मांडून दाखवलं होतं.”

“अजूनही तसंच आहे.”

“मग?”

“लागावी म्हणून कोण घेतंय? आठवीच्या वर्गाचं छप्पर गळतंय.”

“मग सरळ छपरालाच पैसे द्या की!”

“तसे घ्यायची शाळेला परवानगी नाही. तिकिटं खपली, तरच वरून निधी येतो.”

“आणि तुमचं गणित शिकून पोरांनी तिकिटं घेणंच सोडलं तर?”

“खात्याने केलाय त्याचा विचार. यंदा तो धडाच वगळलाय.”

सरांनी तिकीट घेतलं आणि नंबरही न बघता खिशात टाकलं. गवंड्यानेही घेतलं.

“बाई, किती?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“एक द्या,” बाई म्हणाली. “नाही, दोन द्या. धाकटीही यंदा शाळेत जायला लागलीय.”