चार डिग्री

समता कॉलनीतल्या हाडांच्या दवाखान्यात मंजिरी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक म्हातारा मेकॅनिक आणि त्याची मुलगी. मुलीच्या हाताचं प्लास्टर निघून आठवडा झालेला.

“बाबा, गाडीले काय केलं तुम्ही? सिग्नलवरून झटक्यात निघते, पण ऐंशीच्या पुढं दमच नाही.”

“व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, कॅमशाफ्टचं, टायमिंग चार डिग्री पुढं घेतलं. व्हॉल्व्ह लवकर उघडतात, लवकर बंद होतात. कमी स्पीडले ताकद वाढते, वर कमी होते.”

“चुकून झालं?”

“चाळीस वर्षं इंजिनं खोलली, राधिका. चुकून नाही होत.”

“मंग काहून?”

“हात मोडला तेव्हा तू एकशेवीसवर होती.”

“काल हायवेवर उरला गावाजवळ ट्रकले ओव्हरटेक करून राहिली होती. गाडी पुढं सरकेचना, अन् समोरून बस आली. ब्रेक मारून कशीबशी मागं आली मी.”

आतून मंजिरीचा नंबर पुकारला. तिने मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.

“मले विचारलं काहून नाही?”

“तू नाही म्हणाली असती.”

“हव, म्हणाली असती.”

“आज टायमिंग जुन्या निशाणीवर आणून देतो.”

“मी बाजूले उभी राहीन.”

“उभी नको राहू. पाना तूच फिरव.”