लिंबायतच्या डायरेक्टरची माय

...नाही, डायरेक्टर झालात, आनंद आहे, पण पिक्चरात एकदा तोंड दाखवायला काय जातं हो तुमचं? आमच्या लिंबायतच्या लूमवाल्या वस्तीतल्या धुरपदाबाईचा आनंदा! लहानपणी लूमच्या कारखान्याच्या पत्र्यावरून चिंध्यांच्या गठ्ठ्यांवर उड्या टाकायचा, डावा हात पोटाशी घट्ट धरून. मुंबईत जाऊन पिक्चरात हिरोच्या जागी उड्या टाकणारा फायटर झाला, तिथून बँकॉक, तिथून हाँगकाँग, आणि तिकडे चक्क मारामारीच्या पिक्चरांचा डायरेक्टर! गल्लीची छाती फुगली. बाईला एवढंच कळायचं, की पोरगा कैक वर्षं घरी आलेला नाही.

तर पंच्याण्णव साली त्यानं आपल्या पिक्चरची कॅसेट पाठवली. गल्लीतल्या गुजराती दुकानदारानं, भाईदासनं, दुकानातला व्हीसीआर आणून लावला, सुट्टीचा दिवस, सगळे लूमवाले जमले, आणि बाई ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीला नाक लावून बसलेली. बंदुका धडाडतायत, मोटारी उडतायत, आणि बाईचं एकच, “मना आनंदा कोठे शे?”

भाईदास वैतागला. “मासी, बेसो ने, बसा की. डायरेक्टर दिसत नसतो, तो दुसऱ्यांना पडायला सांगतो.”

बाई हळूच विचारते, त्या पडणाऱ्यांच्या आयांना कोण सांगतं? आता द्या उत्तर!... तुम्हीच द्या!

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, एक माणूस, पाठमोरा, उंच गच्चीवरून धाडकन खाली! डावा हात पोटाशी. गल्लीत टाळ्या, शिट्ट्या, आणि बाई ताडकन उभी. बाकी कुणाला कळलं नव्हतं, तिला कळलं होतं.

“त्याले उचला रे,” म्हणाली.

लोक हसले. मग तिचं तोंड बघून हसू जागीच थांबलं. भाईदासनं मुकाट्यानं कॅसेट मागे फिरवली, तो माणूस जमिनीवरून उलटा उडत गच्चीवर जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे बाई खाली टेकली.

पुढं भाईदासच्या दुकानावर आनंदाचा फोन. आवडलं का पिक्चर? आवडलं, म्हणाली, तू कधी येतोस? दिवाळीला नक्की येतो, आई! झालं, बाईनं घर सारवलं, दाराला रंग दिला, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, मना आनंदा येस म्हणून. आणि दिवाळीला काय आलं? कॅसेट!

भाईदासला ती द्यायचा धीर होईना. बाईनंच त्याच्या हातातून घेतली, पदरानं पुसली.

“लाव,” म्हणाली. “तोंड नही ते नही, पाठ तरी दिसी.”