किल्ली कुणाकडे?

कांदिवलीच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर सर्वेक्षणवाली मुलगी एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारत होती.

“काका, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवता? माणसं एकमेकांना किती धरून राहतात ते आम्ही मोजतोय, बऱ्याच देशांत.”

“चाळीत होतो तेव्हा शेजारच्या सावंतवहिनींच्या खिळ्यालाच असायची. आता टॉवर झाला. किल्ली माझ्या खिशात.”

“म्हणजे ‘नाही’ लिहू ना?”

“लिही, पोरी.”

“घरी कोण असतं?”

“बायको. तिला काही आठवत नाही गं आता. बाहेरून कुलूप घालून आलोय.”

“अहो, समोरच्यांना सांगायचं ना!”

“त्यांचं नावही ठाऊक नाही. ही आतून दार वाजवत राहते, लेकरासारखी. कुणी येत नाही. तिकडच्या देशांत काय करतात गं अशा वेळी?”

“काका, ते आम्ही विचारत नाही.”